सरकारची शाबासकी आणि जमावाची काठी

गुन्हेगारास शासन झालेच पाहिजे, ह्याविषयी दोन मते असण्याचे कारण नाही. मतभेद आहे तो शासन कोणी करावे व कोणत्या रीतीने करावे ह्याविषयी. आणि खेदाची गोष्ट ही की, हा मतभेद आता चोर आणि शिपाई ह्यांच्यात उरला नसून राज्य चालविणारे आणि राज्याचा कायदा ह्यांच्यातच उत्पन्न झालेला दिसतो. एखाद्या अघोर कृत्याची वार्ता येते, लोक खवळून उठतात, आणि आरोपी न्यायाधीशासमोर उभा राहण्याच्या आतच पोलिसांच्या गोळीने अथवा जमावाच्या हाताने मरतो. मग पेढे वाटले जातात आणि फटाके वाजतात. संतापलेल्या लोकांनी असे करावे हे वाईटच. परंतु ज्यांनी राज्यघटनेची शपथ वाहिली आहे त्यांनी ह्या आनंदात भागीदार व्हावे, किंवा मौन धरून त्यास संमती द्यावी, हे त्याहून शतपटीने वाईट होय. इतर जिल्ह्यांचे काय असेल ते असो. पण आमच्या धाराशिव जिल्ह्याने तरी अशा प्रसंगी टाळी वाजवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण सरकारने काठीवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला म्हणजे काय होते, हे ह्या जिल्ह्याने एकाच वर्षात दोन वेळा भोगले आहे.

ते वर्ष १९४८ चे. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद असे होते, राज्य निजामाचे होते, आणि लातूर हे ह्याच जिल्ह्यातले एक गाव होते. त्या लातुरात वकिली करणारे कासीम रझवी पुढे इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष झाले आणि रझाकार नावाची स्वयंसेवकांची फौज त्यांच्या हुकमतीखाली वाढली. ही फौज सरकारी नव्हती. तिला कायद्याने कोणाच्या घरात शिरण्याचा, कोणास धरण्याचा वा मारण्याचा काडीइतका अधिकार नव्हता. परंतु निजाम सरकारास ती सोयीची वाटली. जे काम सरकारने आपल्या नावाने केले असते तर जाब द्यावा लागला असता, ते काम परभारे होत असेल तर बरेच, असा तो हिशेब होता. खेडोपाडी लूट, जाळपोळ व खून होऊ लागले, आणि फिर्याद घेऊन जावयाचे ते त्याच ठाण्यात, जेथील अंमलदार ह्या मंडळींकडे काणाडोळा करण्यातच आपली नोकरी सुरक्षित आहे असे समजत होता. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर शेतकऱ्याने राखण कोणाकडे मागावी?

ह्या सोयीची किंमत प्रथम कोणास द्यावी लागली हे पाहण्यासारखे आहे. ती खुद्द निजामास द्यावी लागली. १९४७ च्या ऑक्टोबर महिन्यात भारत सरकारशी जैसे थे करार करण्याचे त्याच्या कार्यकारी मंडळाने ठरविले आणि शिष्टमंडळ दिल्लीस निघावयाचे, तोच रझवींच्या जमावाने त्या शिष्टांच्या घरांना वेढा दिला. पंतप्रधान छतारीचे नवाब ह्यांना पायउतार व्हावे लागले आणि जमावास मान्य असलेली माणसे पुढे आली. सात पिढ्यांचे राज्य, त्याची फौज, त्याचे न्यायालय, त्याचा खजिना ही सर्व जागच्या जागी राहिली. परंतु राजाचा निर्णय मात्र रस्त्यावर होऊ लागला. १९४८ साली संस्थानातील अनेक वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला तो उगाच नव्हे. जेथे निकाल आधीच चव्हाट्यावर लागतो तेथे वकीलपत्र दाखल करण्यात अर्थ काय? आणि ही काठी धर्म पाहते असे म्हणणाऱ्यांनी 'इमरोज' ह्या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान ह्यांचे नाव स्मरावे. रझाकारांचा आपल्या लेखणीने निषेध करणारा हा तरुण मुसलमान संपादक १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात घरी परतत असता मारला गेला.

हा झाला पहिला अनुभव. तो आमच्याकडे दरवर्षी १७ सप्टेंबरला आठवला जातो आणि आठवला जावा हेच योग्य. दुसरा अनुभव मात्र आम्ही आठवीत नाही, म्हणून तो येथे सांगणे भाग आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने नळदुर्गावरून आत आली, पाच दिवसांत निजामाने शस्त्र खाली ठेवले, आणि रझाकारांचा कारभार आटोपला. येथेच कायद्याचे राज्य सुरू व्हावयास पाहिजे होते. परंतु पुढील काही आठवडे काठी तीच राहिली, केवळ धरणारे हात बदलले. पंडित नेहरूंच्या सरकारने चौकशीसाठी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार ह्यांच्या समितीने त्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानातील जिल्हे हिंडून अहवाल दिला. त्यात सबंध संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असा अंदाज केला आहे, आणि ज्या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागली असे म्हटले आहे त्यांत उस्मानाबाद आहे. एकट्या लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या असे अहवाल सांगतो. ह्या आकड्यांविषयी वाद झाले. सरकारने अहवाल छापला नाही आणि तो अनेक दशके दप्तरात पडून राहिला. परंतु त्या अहवालातील एक गोष्ट आकड्यांहून मोठी आहे. कित्येक ठिकाणी फौजेतील व पोलिसांतील माणसांनी जमावास उत्तेजन दिले आणि काही ठिकाणी स्वतःही हात धुऊन घेतले, असे समितीने नमूद केले. आणि त्याचबरोबर ज्या ठिकाणी अधिकारी ठाम उभे राहिले, जेथे शेजाऱ्यांनी शेजारी लपविले, तेथे माणसे वाचली असेही नमूद केले. लोक तेच, संताप तोच, मुलूख तोच. अधिकाऱ्याने मान हलविली की नाही, एवढ्यावर गावाचे मरणे-जगणे ठरले.

आता ह्या सर्वांचा शेवट कसा झाला तो पाहा. ज्याच्या नावाने हा सूड घेतला गेला त्या कासीम रझवींवर स्वतंत्र भारताच्या सरकारने रीतसर खटला भरला. त्यांस वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, आणि बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणात झालेली सात वर्षांची सक्तमजुरी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तेथे १९५३ साली, खटल्याची विशेष पद्धत राज्यघटनेतील समतेच्या तत्त्वास धरून आहे की नाही, ह्याचा काथ्याकूट होऊन मग ती शिक्षा कायम झाली. १९५७ साली ते सुटले आणि पाकिस्तानात निघून गेले. खटला चालविला हे उत्तमच झाले. त्यात भारताची शोभा आहे. पण म्हणजे ज्याने आग लावली त्यास अपिलाचा अधिकार मिळाला, आणि ज्यांनी रझाकाराची काठी कधी हातीही धरली नव्हती अशा विणकऱ्याला, पिंजाऱ्याला, शेतमजुराला मात्र आपले नाव सांगण्याइतकाही अवसर मिळाला नाही. चोर सोडून संन्याशास सुळी देणे ही म्हण आपण हसण्यावारी वापरतो. झुंडीच्या न्यायात तो अपवाद नसून नियम आहे. कारण खरा दांडगा मनुष्य झुंडीच्या वाटेत सापडत नाही, सापडतो तो दुबळा.

हे सर्व जुन्या काळचे झाले, आज तसे काही नाही, असे म्हणणाऱ्यांस आम्ही त्याच हैदराबादेस पुन्हा नेतो. २०१९ च्या नोव्हेंबरात तेथे एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. देश हादरला, आणि राज्यसभेत एका सदस्याने अशा नराधमांस लोकांच्या हवाली करून ठेचून मारावे अशी भाषा काढली. ६ डिसेंबरच्या पहाटे पोलिसांनी चारही आरोपींस गोळ्या घातल्या; लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. न्यायमूर्ती सिरपूरकर हे आपल्याच विदर्भातले. २०२२ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने सांगितले की, पोलिसांची हकीकत विश्वसनीय नाही, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, आणि मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. ते दोषी होते की नव्हते हे ठरविणारा खटला आता कधीच चालणार नाही. ज्यांनी फुले उधळली त्यांपैकी किती जणांनी हा अहवाल वाचला असेल?

आपल्या मुंबई इलाख्यातली गोष्ट घ्यावयाची तर बदलापूरची घ्यावी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथील शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदविण्यात दिरंगाई झाली, म्हणून पोलीस अधिकाऱ्यांस निलंबित करावे लागले. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. २३ सप्टेंबर रोजी आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. लगोलग गृहमंत्र्यांचे छायाचित्र आणि 'बदला पुरा' ही अक्षरे असलेले फलक मुंबईत झळकले. ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या. गोळी स्वसंरक्षणार्थ झाडली असेल तर ती एक दुर्दैवी घटना होय, तिचा उत्सव कसला? आणि तो बदला असेल तर स्वसंरक्षणाची हकीकत खोटी ठरते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळेल. उच्च न्यायालयाने पोलिसांच्या हकिकतीविषयी शंका प्रकट केली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. आणि गुन्हा नोंदविण्यास सरकार कां कू करिते असे पाहून ७ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयासच विशेष पथकाकरवी तपासाचा आदेश द्यावा लागला. गृहमंत्र्यांनी स्वतः फलक लावले असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याच्या हाताखाली राज्यातील सारे पोलीस आहेत त्याचे चित्र सूडाच्या घोषणेवर लटकते, तेव्हा दूरच्या ठाण्यातील फौजदार ते चित्र सरकारी परिपत्रकासारखे वाचतो.

आणि अशा गोळीने वाचतो कोण, ह्याचाही विचार व्हावा. आरोपीबरोबर त्याची जबानीही मेली. शाळेत कोणी डोळे मिटले, तक्रार कोणी दाबली, किती दिवस दाबली, हे खुल्या न्यायालयात उलटतपासणीत निघाले असते. त्यातील पुष्कळसे आता निघणार नाही. सूड पुरा झाल्याचा ढोल ज्या वेळी वाजतो त्या वेळी हयगय करणारा अंमलदार मनातल्या मनात सुस्कारा टाकतो. त्या मुलींस न्याय मिळाला म्हणणे म्हणजे देणेकऱ्याची वही जाळून कर्ज फिटले म्हणण्यासारखे आहे.

पोलिसांनी केलेले निदान दडपून तरी केले जाते. जमावाने केलेल्या कृत्याचा उघड गौरव होतो तेव्हा काय म्हणावे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांची टोळी आली अशी मोबाईलवरची अफवा पसरून नाथपंथी डवरी गोसावी जातीच्या पाच भिक्षेकऱ्यांस ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारण्यात आले. त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. त्याच आठवड्यात झारखंडात केंद्र सरकारच्या एका राज्यमंत्र्याने, जमावाने केलेल्या खुनाबद्दल शिक्षा होऊन जामिनावर सुटलेल्या आठ जणांस आपल्या घरी हार घातले. पुढे त्यांनी खेद व्यक्त केला. पण हार गळ्यात पडल्यावर खेदाचे पत्रक कोण वाचतो? १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा व खटले सहा महिन्यांत संपविण्याचा आदेश दिला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जात, समुदाय इत्यादी कारणांवरून जमावाने केलेल्या खुनास देहान्त वा जन्मठेपेची तरतूद आली. कायदा पुस्तकात आहे. तो राबवावयाचा ज्यांनी, त्यांचे मन कोणाकडे आहे हा प्रश्न आहे.

ह्यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे. लोक म्हणतात, न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा पडतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाला सुटतो. मग झटपट शासन झाले तर बिघडले काय? विलंबाची तक्रार सर्वस्वी खरी आहे. देशात पाच कोटींच्या वर खटले तुंबले आहेत. परंतु विहिरीचे पाणी आटले म्हणून कोणी गटाराचे पाणी पीत नाही. विहिरीचा गाळ काढतो. न्यायालयास वेगाने चालता येते ह्याचे उदाहरण दूर नाही. कोपर्डीच्या मुलीवरील अत्याचार व खून १३ जुलै २०१६ चा. नगरच्या सत्र न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, म्हणजे दीड वर्षाच्या आत, साक्षीपुरावा घेऊन तिघांस देहान्ताची शिक्षा ठोठावली. तपास चोख झाला, सरकारी वकील तयारीचा होता, लोकांचे लक्ष होते. कोणाचे पिस्तूल लागले नाही. जे कोपर्डीस जमले ते प्रत्येक तालुक्यात का जमू नये, हा प्रश्न लोकांनी सरकारास विचारावयाचा आहे. आणि तो विचारला जाऊ नये म्हणूनच चकमकीचा जयजयकार सरकारास सोयीचा पडतो. न्यायाधीश नेमणे, प्रयोगशाळा उभारणे, साक्षीदारास संरक्षण देणे ही खर्चाची कामे आहेत. गोळी स्वस्त आहे.

व्यापारी वाचकांस आमचे विशेष सांगणे आहे, कारण अशा फलकांची वर्गणी बहुधा त्यांच्याच गल्ल्यातून निघते. कायद्याच्या बाहेर मारण्याची मुभा एकदा एखाद्या हातास दिली, म्हणजे तो हात कोणासाठी उचलला जाईल हे देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. १९९५ ते १९९७ ह्या काळात मुंबईत ९९ चकमकी होऊन सुमारे १३५ माणसे मेली. ते अधिकारी तेव्हा वीर ठरले, त्यांच्यावर चित्रपट निघाले. पुढे २००६ च्या एका चकमकीविषयी उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी ती बनावट ठरवून अशाच एका नामांकित निवृत्त अधिकाऱ्यास जन्मठेप दिली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील झाले. त्या खटल्यात फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे होते की, मृताशी व्यवहारात बिनसलेल्या एका जमीन-दलालाने पोलिसांस हाताशी धरून हे घडविले. म्हणजे गुंडांविरुद्ध म्हणून उचललेले हत्यार दलालीच्या भांडणात वापरले गेले. बेंबळीसारख्या गावातील आडत्याने ह्याचा विचार करावा. त्याचा सारा धंदा उधारीवर, चिठ्ठीवर आणि शब्दावर चालतो. ह्या कागदाला किंमत आहे ती मागे दिवाणी न्यायालय उभे आहे म्हणून. न्यायालयाचा दरारा संपला की वसुली ज्याच्याकडे चार काठ्या अधिक त्याची. आणि चार काठ्यांचा मनुष्य आज आपल्या बाजूचा असला तरी उद्या तो हप्ता मागावयास आपल्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहतो.

आणि सर्वांच्या आधी मार कोणावर पडेल हे ह्या जिल्ह्यात सांगण्याची गरज नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर जातो. गुन्हेगार जमातींचा इंग्रजांचा कायदा १९५२ साली रद्द झाला. सोलापूरच्या सेटलमेंटीचे तारेचे कुंपण पंडित नेहरूंच्या काळात उतरले. मनातले कुंपण अद्याप उतरलेले नाही. झटपट न्यायाची टाळी वाजते तेव्हा ती पाटलाच्या वाड्यासाठी वाजत नाही, पालासाठी वाजते.

सबब आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, चकमकीतील प्रत्येक मृत्यूचा गुन्हा नोंदवून दुसऱ्या ठाण्याकडून वा गुन्हे अन्वेषण खात्याकडून तपास करावा आणि घटनेनंतर लगेच बढती वा शौर्यपदक देऊ नये असे ठरवून दिले आहे. ते अक्षरशः पाळले जावे. मंत्री, आमदार अथवा अधिकारी ह्यांनी न्यायनिवाड्यापूर्वीच्या मृत्यूचे अभिनंदन केले, किंवा त्यांच्या नावाचे फलक लागले, तर चोवीस तासांच्या आत त्यांनी ते जाहीरपणे नाकारावे. न नाकारल्यास ते त्यांना मान्य आहे असे लोकांनी समजावे. जिल्ह्यातील न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भराव्या आणि बालकांवरील अत्याचारांचे खटले कायद्याने सांगितलेल्या मुदतीत संपवावे. आणि लोकांनी आपल्या वाट्याचे दोन नियम पाळावे: जमाव जमताच बघ्यांत उभे न राहता ठाण्यास कळवावे, आणि खटल्यात साक्षीस बोलावणे आले असता दुकान बंद ठेवून जावे. पेढे वाटण्यापेक्षा हे काम कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

निजामाच्या अमदानीत ह्या जिल्ह्यातील माणसे भूमिगत झाली, तुरुंगात गेली, सरहद्दीवर मेली, ती राजा बदलावा एवढ्यासाठी नव्हे. ज्या राज्यात गरिबातला गरीब मनुष्य पोलीस ठाण्याच्या दारात उभा राहून 'माझी फिर्याद लिहून घ्या' असे म्हणू शकेल आणि ज्याच्यावर फिर्याद झाली तोही 'माझे म्हणणे ऐका' असे म्हणू शकेल, ते राज्य त्यांना हवे होते. ते मिळाले आहे. ते कोणा शत्रूने हिरावून घेण्याची भीती आज नाही. ते आपण टाळ्या वाजवीत परत करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.